पुठ्ठ्याची आगगाडी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नाव एका खेळण्यावरून पडले आहे, ही गोष्ट संस्कृत शिकविताना आम्ही किती विद्यार्थ्यांस सांगितली असेल, याची गणती नाही. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यापासून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीशी खेळेनासा होतो. त्याचे रडे पाहून वसंतसेना अंगावरील अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. आणि पुढे तेच अलंकार न्यायसभेत चारुदत्ताच्या मित्राजवळ सापडून चारुदत्तावरील खुनाचा आळ घट्ट होतो. पोराच्या खेळण्यात केवढे नाट्य साठलेले असते, हे आम्ही वर्गात मोठ्या रसाने समजावून देत असू. घरी मात्र आम्ही निराळे वागलो. ती हकीकत पुढे येईलच. प्रथम ज्या निमित्ताने तिची आठवण झाली, ते निमित्त सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे चिरंजीव, सूनबाई आणि बारा वर्षांची नात यांच्यासमवेत पुण्यास जाण्याचा योग आला. तेथे कोथरूड भागात जी. ए. कुलकर्णी पथावर जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते पाहावयाचेच, असा नातीचा हट्ट होता. छत्रपती संभाजीनगराहून पुण्यास आगगाडीने जावयाचे तर मनमाड व दौंड असा मोठा वळसा पडतो. यास्तव रेल्वेचे संग्रहालय पाहण्यास आम्ही एस. टी.ने निघालो! अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द लागल्यावर आम्ही नातीस दायमाबादची गोष्ट सांगितली. प्रवरेच्या काठच्या त्या गावी १९७४ साली काशाचा एक लहान रथ सापडला. बैलजोडी आणि उभा सारथी धरून त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर भरते. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात वाहनांच्या प्रतिकृती करण्याची हौस अशी फार पुरातन आहे.

ज्या गावाहून आम्ही निघालो, त्याचेही रेल्वेशी नाते जुने आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादेकडे सुरू झाला. हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर बरोबर १ मीटर. मनमाडहून जाणारी मुंबईची मुख्य लाईन मात्र ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर रुंदीची. त्यामुळे इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नसे. मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकास मनमाडास उतरून गाडी बदलावी लागे, आणि मालाचे प्रत्येक पोते एका गाडीतून काढून दुसरीत भरावे लागे. आमच्या बालपणी मनमाड म्हणजे अपरात्रीची झोपमोड, वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि “पोरे मोजा रे!” ही वडिलांची हाक. पुढे १९९२ साली रेल्वेने देशभर एकाच रुंदीचे रूळ करण्याची योजना हाती घेतली, आणि त्या दशकात आमचा मार्गही ब्रॉडगेज झाला. सोय झाली यात शंका नाही. मुंबईची गाडी आता आमच्या दारात येते. परंतु जुने रूळ उखडले गेले, त्यांबरोबर एक संपूर्ण व्यवस्थाही नाहीशी झाली.

ते रूळ होते तेव्हा आमचे चिरंजीव लहान होते. रविवारी आम्ही त्यांस स्थानकावर नेत असू. एक वही घेऊन ते फलाटावर हिंडत. डब्यांच्या खिडक्या मोजीत, पायऱ्यांची उंची वितींनी मापीत. आम्हांस ते कौतुकाचे वाटे. पुढे ते शालान्त परीक्षेच्या वर्षात आले. मीटरगेज केव्हाच गेली होती. आणि हा मुलगा अभ्यासाच्या खोलीत, त्या जुन्या वहीवरून, पुठ्ठ्याचे इंजिन आणि दोन डबे करीत बसलेला आम्हांस आढळला. एक डबा पुरा झाला होता, दुसऱ्याचे छप्पर राहिले होते. परीक्षेस तीन महिने उरले होते. आम्ही शिक्षक, आमच्याच घरी हा प्रकार! आम्ही एक शब्द न बोलता ते सारे उचलले आणि वहीसकट बंबाजवळच्या जळणात टाकले. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या स्नानाचे पाणी त्यावर तापले. मुलगा रडला नाही, बोललाही नाही. परीक्षेत त्यास उत्तम गुण मिळाले, आणि त्याचे श्रेय आम्ही आमच्या शिस्तीस दिले.

असो. संग्रहालयाकडे वळू. ते ज्यांनी उभारले त्या बी. एस. जोशी यांस पुणेकर भाऊ जोशी म्हणून ओळखत. व्यवसाय सांभाळून त्यांनी आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद जोपासला आणि त्यातून हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले. भाऊ आज हयात नाहीत. त्यांचे कार्य पुढे चालू आहे. बाहेरून पाहिल्यास आत एवढी सृष्टी असेल अशी कल्पना येत नाही. मध्ये एक लहानसे नगर वसलेले आहे: रस्ते, उड्डाणपूल, त्यांवरून जाणारी वाहने, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, आणि या सर्वांमधून धावणाऱ्या नाना प्रकारच्या गाड्या. वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, वेगवान प्रवासी गाडी आहे, डोंगर चढणारी आहे, आणि वरच्या रुळास लोंबकळत जाणारीही आहे. सिग्नल तब्बल ६५. काही वेळाने दिवे मंद होतात, नगरात रात्र पडते, घराघरांतून व रस्त्यांवरून बारीक दिवे उजळतात आणि डब्यांच्या प्रकाशित खिडक्या अंधारातून सरकत जातात. मुले श्वास रोखून पाहतात, आणि खरे सांगावयाचे तर आमच्यासारखे म्हातारेही.

नातीने तेथेच चिरंजीवांवर प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, आणि चिरंजीवांनी जी उत्तरे दिली ती ऐकून आमच्यातला मास्तर जागा झाला. या छंदात जगभर सर्वाधिक प्रचारात असलेले प्रमाण १ : ८७ असे आहे. आपला साधारण २१ मीटर लांबीचा डबा या प्रमाणात वीतभर होतो. ताशी ८७ किलोमीटर वेगाची गाडी दाखवावयाची तर प्रतिकृतीने ताशी एकच किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २८ सेंटिमीटर धावावे. वजनाचा हिशेब मात्र निराळा. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही ८७ पटींनी घटल्यामुळे वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते; १०० टनांचे इंजिन येथे अवघे दीडशे ग्रॅमचे ठरते. घन म्हणजे काय हे आम्ही फळ्यावर कितीदा तरी काढून दाखविले आहे; ते इतक्या झटपट कोणास समजलेले आम्ही पाहिले नव्हते.

विजेचे कोडे याहून गमतीचे आहे. साध्या प्रकारात दोन रूळ हेच विजेच्या दोन तारांचे काम करतात. सुमारे १२ व्होल्टचा प्रवाह एका रुळातून येतो, चाकांवाटे इंजिनातील मोटारीत जातो आणि दुसऱ्या रुळातून परततो. प्रवाहाची दिशा उलटली की गाडीची दिशा उलटते. आता रूळ वर्तुळाकार वळवून गाडी आल्या वाटेनेच परत आणावयाची असे ठरविले तर काय होईल? वाचकांनी कागदावर दोन समांतर रेघा काढून पाहाव्यात. वळसा पुरा होताच डावी रेघ उजवीस जाऊन मिळते. म्हणजे दोन तारा एकमेकींस चिकटतात आणि वीज बंद पडते! तेवढा तुकडा दोन्ही टोकांस तोडून, त्याचा प्रवाह स्वतंत्रपणे उलटवावा तेव्हा गाडी पार होते. खेळण्यात शिरलेले मूल अशा रीतीने नकळत पदार्थविज्ञानात शिरते.

हा छंद अर्थात् मूळचा आपला नव्हे. जर्मनीतील मेर्कलिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ साली लिपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवरील गाड्या मांडल्या. तेव्हापासून एक संच आणून पुढे त्यास भर घालीत जाणे शक्य झाले. लंडनमध्ये १९१० साली या छंदिष्टांनी आपले मंडळ काढले. अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हॅम्बुर्ग शहरी २००१ साली उघडलेली अशीच एक अवाढव्य लघुसृष्टी पाहण्यास आज देशोदेशीचे लोक जातात. आपल्याकडे ही मंडळी संख्येने थोडी आहेत, परंतु चिकाटीत कमी नाहीत. त्यांची अडचण वाचकांच्या लक्षात आणून देणे अगत्याचे आहे. १ : ८७ प्रमाणाच्या तयार गाड्या १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालतात, कारण युरोप-अमेरिकेतील सर्वसाधारण रूळ १,४३५ मिलिमीटरांचे. आपली ब्रॉडगेज त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरांहून अधिक भरेल, आणि मीटरगेज केवळ साडेअकरा. म्हणजे परदेशी इंजिन विकत आणता येईल. आपली गाडी मात्र बहुधा स्वतःच घडवावी लागते. पुठ्ठा, प्लॅस्टिकचे पत्रे, पितळेचे तुकडे कापावयाचे. खऱ्या डब्याची मापे घ्यावयाची. आणि मिळालेले नकाशे एकमेकांस द्यावयाचे. हे या मंडळींचे व्रतच आहे.

आणि येथेच तो प्रसंग घडला. नातीने विचारले, “बाबा, आजोबा सांगतात ती आपली मीटरगेजची गाडी कोठे मिळेल?” चिरंजीव म्हणाले, “ती मिळत नाही, करावी लागते.” “तुम्ही केली होती का कधी?” त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “केली होती. अर्धी.” पुढे काय झाले हे तिने विचारले, तेव्हा “राहून गेली” एवढेच ते बोलले. पुत्राने पित्याचा दोष झाकला. परंतु पित्यास तो झाकून ठेवणे त्या क्षणी अशक्य झाले. परतीच्या वाटेवर आम्ही नातीस सर्व हकीकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, निदान वही तरी ठेवायची होती.”

न्याय तिचा बरोबर होता. नागपुरास मोतीबाग येथे १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय उघडले; दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. तेथे खरी इंजिने व डबे जतन होतात आणि ते व्हावयासच हवेत. परंतु चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन हे एक वस्तू म्हणून उरते. मनमाडास एका बाजूस मीटरगेज, दुसऱ्या बाजूस ब्रॉडगेज, मध्ये पोती वाहणारे हमाल, सांधे, सिग्नल, पाण्याची टाकी, ही व्यवस्था चौथऱ्यावर मांडता येत नाही. ती मांडावयाची तर एका मोठ्या मेजावर लहान करूनच मांडावी लागेल, आणि त्यासाठी कोणीतरी वेळीच मापे घेऊन ठेवलेली असली पाहिजेत. आमच्या घरी एका मुलाने ती घेतली होती.

संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, आणि ‘छन्दस्’ म्हणजे मात्रांच्या नियमांत बांधलेले वृत्त. मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावून घेतले. आपल्या घरांतून मुलांच्या छंदास आपण केवळ इच्छा समजतो आणि ती आवरू पाहतो. तिच्यात नियम आहे, माप आहे, मिलिमीटराची चूक न खपविण्याची शिस्त आहे, याकडे लक्ष देत नाही. परीक्षा जवळ आली असता अभ्यासास अग्रक्रम असावा, हे मत आम्ही अद्यापही सोडलेले नाही. परंतु त्यासाठी ती पेटी तीन महिने कपाटात कुलूपबंद ठेवणे पुरेसे होते. कपाट आणि बंब यांतील भेद आम्हांस वीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर उमगला. ज्यांच्या घरी जुनी तिकिटे, वेळापत्रके, स्थानकावर काढलेली छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न टाकता मुलांच्या हाती द्यावीत, ही प्रार्थना.

घरी आल्यावर आम्ही पुठ्ठा, सुरी आणि पोलादी फूटपट्टी आणून नातीपुढे ठेवली. शनिवारी सायंकाळी पितापुत्री कामास बसतात. आम्ही खळ करून देतो. परवा तिने विचारले, “आजोबा, त्या डब्याला एका बाजूस खिडक्या किती होत्या?” त्या गाडीतून आम्ही किती वेळा प्रवास केला असेल! परंतु आम्हांस सांगता आले नाही. सध्या ती जागा कोरी सोडून छप्पर घालण्याचे काम चालू आहे.