सुटलेली नोकरी आणि कापलेला कर

सन २०२५ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आमचा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून श्रीगोंद्यास घरीं परत आला. आमच्या दादांना आतां लिंबांच्या बागेंत फार वेळ उभें राहवत नाहीं आणि बाग दुसऱ्याच्या हातीं देववतही नाहीं. तेव्हां त्याचा निर्णय घरांतील सर्वांस मान्यच होता. खटकली ती एकच गोष्ट. सहा महिन्यांत त्याच्या पगारांतून प्राप्तिकर म्हणून ५३,४३० रुपये कापले गेले होते. "नोकरीच सुटली, आतां कापलेले पैसे कुठले परत येतात!" असें म्हणून वहिनींनीं एका वाक्यांत त्या रकमेचें श्राद्ध उरकलें. बागेंत ठिबकाच्या नळ्या घालण्याचा बेत त्या पैशांवरच अडला होता, म्हणून आम्हीं चष्मा पुसून हिशेबास बसलों.

कर हा महिन्याचा नसतो, वर्षाचा असतो. ही साधी गोष्ट शिकलेलीं माणसेंही विसरतात. नव्या करपद्धतींत २०२५-२६ या वर्षासाठीं पहिल्या चार लाखांवर कर नाहीं. पुढील चार लाखांवर शेंकडा पांच, त्यापुढील चार लाखांवर शेंकडा दहा, आणि बारा ते सोळा लाखांच्या टप्प्यावर शेंकडा पंधरा. पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते ती निराळी. पुतण्याचा पगार दरमहा १,३०,०००. तो वर्षभर नोकरींत राहील असें धरून कचेरीनें १५,६०,००० मधून वजावट काढली, उरलेल्या १४,८५,००० वर कर व उपकर मिळून १,०६,८६० रुपये ठरविले आणि त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८,९०५ रुपये, दरमहा कापून घेतला. कचेरीची यांत चूक नाहीं; सप्टेंबरांत हा घरची वाट धरील हें तिनें एप्रिलांत कसें ओळखावें?

परंतु प्रत्यक्षांत मिळाले ते ७,८०,०००. वजावटीनंतर उरले ७,०५,०००. बागेचें उत्पन्न दादांचें, म्हणून तें याच्या हिशेबांत येत नाहीं. या रकमेवर गणितानें १५,२५० रुपये कर निघतो खरा. पण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास १९६१ च्या कायद्यांतील कलम ८७-अ प्रमाणें पगारावरील ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. २०१३ सालीं ही सूट प्रथम आली तेव्हां ती जेमतेम दोन हजारांची होती. बारा लाखांची मर्यादा २०२५ च्या अंदाजपत्रकानें घातली. तात्पर्य, देणें शून्य आणि येणें पूर्ण ५३,४३०. मात्र हे पैसे आपण होऊन घरीं चालत येत नाहींत. विवरणपत्र भरलें तरच परतावा. त्यासाठीं मुदत ३१ जुलै २०२६ ची, आणि पॅन आधारशीं जोडलेला व बँकेचें खातें पडताळलेलें हवें.

विलायतेंत याच्या नेमकी उलट तऱ्हा होती. तेथें २००३ पासून कमी मिळकतीच्या कुटुंबांस 'टॅक्स क्रेडिट' या नांवानें सरकारच पैसे देत असे, आणि ते बहुधा गतवर्षाच्या मिळकतीवरून ठरत. नोकरी सुटली तर काम करणाऱ्याचें क्रेडिट चार आठवडे चालून बंद होई. पगार वाढला किंवा काम सुटलें आणि तें वेळेवर कळविलें नाहीं, तर जास्त गेलेली रक्कम मागाहून वसूल होत असे. ५ एप्रिल २०२५ रोजीं ही योजना संपली. तेथें आधीं देऊन मागाहून परत मागत. आपल्याकडे आधीं कापतात आणि मागितल्यास परत देतात. आम्हांस विचाराल तर आपली तऱ्हा बरी. खर्चून बसलेले पैसे परत करणें फार जड जातें.

तथापि आपल्याकडेही उलटा फेरा येऊं शकतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्याच वर्षीं नोकरी बदलली. पहिले सहा महिने दरमहा ९०,०००, पुढील सहा महिने दीड लाख. पहिल्या कचेरीच्या हिशेबीं वर्षाचें उत्पन्न बारा लाखांच्या आंत, म्हणून कपात नाहीं. दुसरीनें केवळ आपला नऊ लाखांचा पगार पाहिला, तिचीही कपात नाहीं. दोघींनीं वजावट दिली आणि सूटही धरली. गडी खुशींत होता! दोन्ही पगारांची बेरीज १४,४०,०००. एकच वजावट जातां १३,६५,०००. सूट गेली, आणि उपकरासह ८८,१४० रुपये देणें उभें राहिलें, वर महिन्यास शेंकडा एक याप्रमाणें व्याज. नव्या कचेरींत रुजू होतांना मागील पगाराचा तपशील नमुना १२-ब मध्यें दिला असता तर दरमहा थोडथोडी कपात होऊन हा घाव चुकला असता. शाळेंत त्याची बेरीज चांगली होती, एवढें आम्ही खात्रीनें सांगतों.

नोकरी सोडणाऱ्यांनीं आणखी एका गोष्टीस जपावें, ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधि. सलग पांच वर्षें भरण्यापूर्वीं तो काढल्यास सामान्यतः करास पात्र होतो. नव्या नोकरींत वर्ग केल्यास मागील वर्षेंही मोजलीं जातात. पुतण्याचीं सात झालीं होतीं, म्हणून तिकडे चिंता नव्हती.

चिंता उपजली ती निराळ्याच ठिकाणीं. कापलेला कर खरोखर सरकारांत भरला गेला कीं नाहीं हें २६-एएस या उताऱ्यावरून कळतें. तो काढला तेव्हां एप्रिल ते ऑगस्ट या पांच महिन्यांचे आंकडे बरोबर निघाले. सप्टेंबरचे ८,९०५ रुपये कोठेंच दिसेनात. पगारपत्रकांत कपात आहे, उताऱ्यांत भरणा नाहीं. कलम २०५ प्रमाणें ज्याच्या पगारांतून कर कापला गेला त्याच्याकडून तो पुन्हा वसूल करतां येत नाहीं. पण भरणा दिसेपर्यंत तेवढ्या रकमेचा परतावा अडकतो. पुतण्यानें कचेरीस पत्र पाठविलें, सोबत सप्टेंबरचें पगारपत्रक जोडलें. नळ्यांच्या दुकानदारास दादांनीं तूर्त निम्म्या बागेपुरताच माल सांगितला आहे.