काळी वायर नव्हे, अर्थिंगची वायर

"सर, बीप वाजला, म्हणजे ग्राउंडच आहे की!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं तर माझा हात आधी मेन स्विचकडे जातो. मागच्या पावसाळ्यात एक शिकाऊ मुलगा एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय) उघडून बसला होता. ब्रिजच्या निगेटिव्हला एक टोक, मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला दुसरं, मल्टिमीटर पीं करून वाजला. मुलगा खूश. त्याने सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची क्रोकोडाइल क्लिप तिथेच अडकवली आणि बटण दाबलं. फट्ट! एमसीबी खाली, पंखे बंद. क्लिपच्या दातांच्या जागी वितळलेला काळपट मणी, फ्यूजची काच आतून चंदेरी झालेली, ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट. सीआरओ वाचला, ते नशीब.

बीप वाजला याचा अर्थ ते दोन बिंदू एकमेकांना जोडलेले आहेत, एवढाच. ते जमिनीला जोडलेत की नाही, हे मल्टिमीटरने सांगितलेलं नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मूळ गैरसमज असा: मल्टिमीटरला लाल आणि काळी वायर, प्रोबलाही एक टोक आणि एक काळी वायर, म्हणजे दोन्ही सारखंच. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याचं खोकं प्लॅस्टिकचं, त्याचा घरातल्या विजेशी काही संबंध नाही; म्हणून त्याची काळी वायर कुठेही टेकवा, चालतं. टेबलावरच्या सीआरओचं तसं नाही. पटत नसेल तर सीआरओचा प्लग बोर्डातून काढा आणि मल्टिमीटर प्लगच्या जाड पिनेला व प्रोबच्या क्लिपला लावा. बीप. आता पहिल्या आणि दुसऱ्या चॅनलच्या क्लिपांना लावा. पुन्हा बीप. म्हणजे ती क्लिप थेट इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली आहे आणि सगळ्या चॅनलच्या क्लिपा आतून एकच आहेत.

मला वाटतं, अर्धा घोळ शब्दाचा आहे. घरात आपण 'अर्थिंग' म्हणतो, बोर्डावर 'ग्राउंड'. नावं दोन, म्हणून वस्तू दोन वाटतात. मी हल्ली मुलांना त्या क्लिपला ग्राउंड म्हणूच देत नाही. "अर्थिंगची वायर इथे लावू का?" असा प्रश्न तोंडाने विचारला, की निम्म्या वेळा हात आपोआप मागे येतो.

आता त्या एसएमपीएसमध्ये नेमकं काय झालं? आपल्या पुरवठ्यात न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. फेजवर अर्थच्या तुलनेत २३० व्होल्ट, म्हणजे शिखराला सुमारे ३२५. ब्रिजचं निगेटिव्ह स्वतःच्या जागी स्थिर नसतं. फेज वर असतो तेव्हा ते न्यूट्रलपाशी असतं. फेज खाली गेला की त्याच्याबरोबर उणे ३२५ पर्यंत जातं. सेकंदाला ५० वेळा ही ये-जा. त्या बिंदूला अर्थिंग लावलं, की अर्थ, क्लिप, डायोड, फेज असा सरळ रस्ता तयार होतो. मध्ये लोड नाही, अडवायला कुणी नाही. सर्किटच्या नकाशात तिथे ग्राउंडची तीन आडव्या रेघांची खूण छापलेली असली, तरी त्या रेघांना जमीन माहीत नाही.

एसएमपीएसमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, सेकंडरीवर, क्लिप बहुतेकदा बिनधोक लावता येते. पण 'पलीकडे' आहे का, ते आधी बघा. एलईडी बल्बचे कितीतरी ड्रायव्हर नॉन-आयसोलेटेड असतात. बऱ्याच इंडक्शन शेगड्यांत तर ५ व्होल्टवर चालणारा कंट्रोलरसुद्धा मेन्सशी थेट जोडलेला असतो. ५ व्होल्ट वाचून हात घालू नका.

इथे हमखास कुणीतरी शहाणा म्हणतो, "मग सीआरओची अर्थ पिन कापून टाकायची." पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय, टू-पिन अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो, त्यामुळे हा उपाय फार लोकप्रिय आहे. या उपायाने मला खरंच राग येतो. पिन कापली की शॉर्ट होत नाही, हे खरं. पण क्लिप ज्या बिंदूला लावाल, त्या बिंदूचे ३२५ व्होल्ट आता सीआरओच्या धातूच्या प्रत्येक भागावर येतात: बीएनसीची कडी, यूएसबीचं तोंड, मागचे स्क्रू. बटण फिरवायला गेलेली बोटं तिथेच असतात. क्लिप कुठेही लावली नाही, तरी सीआरओच्या आतल्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे बॉडीवर निम्म्या मेन्सच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. तीच ती झिणझिणी. टेक्ट्रॉनिक्स या सीआरओ बनवणाऱ्या कंपनीने फ्लोटिंग मापनावर स्वतंत्र टिपण काढलंय आणि त्यात ही पद्धत धोकादायक ठरवली आहे. इलेक्ट्रॉनिक्सवर व्हिडिओ करणारे ऑस्ट्रेलियाचे डेव्ह जोन्स यांनी २०१२ साली सीआरओ कसा उडवू नये, यावर एक अख्खा व्हिडिओच केला. तरी अडॅप्टर खपतातच.

मग मोजायचं कसं? सगळ्यात चांगला डिफरन्शियल प्रोब, पण तो महाग. खिसा रिकामा असेल तर दोन प्रोब घ्या, दोन्हींच्या क्लिपा कुठेही न लावता गुंडाळून ठेवा, टोकं दोन बिंदूंवर ठेवा आणि दोन्ही चॅनलची व्होल्ट-पर-डिव्हिजन सारखी ठेवून सीआरओला पहिल्यातून दुसरा वजा करायला सांगा. प्रोबवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा मात्र आधी वाचा. फ्लायबॅक प्रकारच्या एसएमपीएसमधल्या मॉसफेटच्या ड्रेनवर ५००-६०० व्होल्ट सहज येतात. तिसरा मार्ग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. तो दुरुस्तीच्या वस्तूला लावायचा, सीआरओला नाही. क्लिप लावल्यावर उरलेल्या सर्किटला हात लागला तर मात्र झटका बसेल, आणि आरसीसीबीला (गळती पकडणाऱ्या स्विचला) ते कळणारही नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. डिमरस्टॅट लावला की आयसोलेशन झालं: नाही, तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, आत एकच वाइंडिंग. सिरीज बल्ब लावला की क्लिप कुठेही चालते: बल्ब न्यूट्रलच्या तारेत असेल तर त्या शॉर्टच्या वाटेत तो येतच नाही. प्रोब ×१० वर केला की धोका दहापट कमी: त्यातले ९ मेगाओहम टोकाच्या वाटेत असतात, क्लिपच्या वाटेत काहीच नसतं. कमी व्होल्टवर कसलीच भीती नाही: डेस्कटॉपच्या यूएसबीला जोडलेल्या आर्डुइनोचं ग्राउंड आधीच अर्थिंगला आहे, क्लिप त्याच्या ५ व्होल्टला लावून बघा, म्हणजे नका बघू. आणि दोन प्रोबच्या क्लिपा दोन वेगळ्या बिंदूंना लावणाऱ्यांनी वर सांगितलेला दुसरा बीप आठवावा.

एक गैरसमज जिवावर बेतणारा नाही, पण वेळ फार खातो. स्क्वेअर वेव्हच्या कडेला लहरी दिसल्या की मुलं दोन-दोन दिवस कपॅसिटर बदलत बसतात. सर्किट बऱ्याचदा निर्दोष असतं. क्लिपची १५ सेंटिमीटर वायर म्हणजे सुमारे १५० नॅनोहेन्री, प्रोबचे साधारण १० पिकोफॅरड. दोघं मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास झणझणतात. ती वायर काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली आणि ती शेजारच्या ग्राउंडवर टेकवली, की लहरी बऱ्याचशा नाहीशा होतात. ही स्प्रिंग प्रोबबरोबरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळते. माझ्या कपाटात अशी सात पाकिटं आहेत, सगळी पिनबंद.