मिनिटाला नऊ हजार फेरे

पळसदरीहून खोपोलीकडे आणि पुढे बोरघाट चढणाऱ्या मोटारीचा आवाज कधी लक्ष देऊन ऐकला आहे? चढ लागताच चालक खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाचा सूर चढतो. प्रत्येक फेऱ्यात इंजिन जास्त जोर लावते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर दर फेऱ्यातले कार्य फारसे बदलत नाही. वाढते ती फेऱ्यांची संख्या. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा वेग, हे तुम्ही शिकलाच आहात.

टर्बो नसलेले इंजिन केवळ वातावरणाच्या दाबाने हवा आत घेते. सिलिंडरमध्ये मावेल तेवढी हवा, आणि त्या मापानेच पेट्रोल. सुमारे 620 मीटर उंचीच्या लोणावळ्यास हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 7 टक्के कमी असतो. शक्तीही साधारण तितकीच घटते!

मग अशा इंजिनातून जास्त शक्ती काढायची कशी? अधिक फेरे घेऊन. होंडा कंपनीने 1999 साली एस-2000 ही स्पोर्ट्स मोटार आणली. तिचे 2 लिटरचे इंजिन 8300 फेऱ्यांना सुमारे 240 अश्वशक्ती देई आणि 9000 फेऱ्यांपर्यंत जाई. आपल्या जुन्या मारुती 800 चे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन 5000 फेऱ्यांना सुमारे 37 अश्वशक्ती देत असे. दर लिटरमागे हिशेब करून पाहा.

मिनिटाला 9000 म्हणजे सेकंदाला 150 फेरे. हवा आत ओढायला अर्धा फेरा, म्हणजे 1/300 सेकंद! एवढ्यात सिलिंडर भरायचा तर झडप जास्त आणि अधिक वेळ उघडी हवी. पण इंजिन सावकाश फिरताना तसे केले, तर आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. म्हणून या इंजिनात दोन आकारांचे कॅम होते. सुमारे 6000 फेऱ्यांच्या आसपास तेलाच्या दाबाने मोठा कॅम कामाला लागे. मला ही युक्ती फार आवडते.

खरी किंमत मोजतो तो दट्ट्या. त्याची धाव 84 मिलिमीटर. त्याची गती सरल आवर्त मानली, तर 9000 फेऱ्यांना टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 3800 पट येते. दट्ट्या 300 ग्रॅमचा धरला, तरी दांड्यावर एक टनाहून अधिक ओढ! फेरे दुप्पट केले की ही ओढ चौपट होते.

घाट उतरताना धोका वेगळाच. फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले की नियंत्रक पेट्रोल तोडतो. पण भरवेगात चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. तेथे पेट्रोल तोडून काय होणार? झडपेची स्प्रिंग मागे पडते, झडप वेळेवर मिटत नाही, आणि वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो.