घर पाहावं आषाढात

'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' ही म्हण जुनी. तेव्हा माणूस स्वतःचं घर स्वतः बांधत असे. आता तो बांधलेलं, किंवा नुसतं नकाशावर काढलेलं घर विकत घेतो. बांधून पाहायची सोय उरली नाही, तर मग पाहायचं कसं?

कल्याण-कर्जत मार्गावर वांगणीला उतरलं की हा प्रश्न समोर येतो. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर करत करत घराच्या किमती चढत गेल्या, तसा परवडणाऱ्या घराचा शोध इथवर पोचला. इथे जाहिराती पुष्कळ. कोणी म्हणतं 'निसर्गाच्या कुशीत', कोणी म्हणतं 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. मी कविता लिहिणारा माणूस आहे, विशेषणांचा व्यवहार मला थोडाफार कळतो. विशेषणं जिथे फार, तिथे नाम तपासून घ्यावं. ही पाच मिनिटं मोटारीची की पायांची, एवढा एक प्रश्न विचारला तरी बराच उलगडा होतो.

दोन संकुलांची तुलना आपण बहुधा दरावरून करतो. माझं सांगणं असं, की ती वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसावरून करावी. चांगल्या दिवशी सगळीच घरं चांगली असतात.

पहिला वाईट दिवस गाडी चुकण्याचा. वांगणी मुंबईच्या सीएसएमटीपासून सुमारे ७८ किलोमीटरवर आहे. बदलापूरला सुटणाऱ्या आणि तिथेच संपणाऱ्या लोकल आहेत. वांगणीच्या माणसाला मात्र कर्जत-खोपोलीच्या गाडीचीच वाट पाहावी लागते. बदलापूर आणि वांगणी नकाशावर शेजारी दिसली, तरी वेळापत्रकात तेवढी जवळ नाहीत. म्हणून किमतीतली बचत मांडताना प्रवासात जाणारे तासही मांडावेत.

हा हिशेब गिरणी कामगारांनी फार नेमका मांडला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि कामगारांच्या घरांचा प्रश्न लोंबकळत राहिला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर शेलू आणि वांगणी इथे त्यांच्यासाठी सुमारे ८१ हजार घरांची योजना पुढे आली. कामगार संघटनांनी तिला विरोध केला, ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर आंदोलन झालं. मागणी होती, घर मुंबईतच द्या. त्यांची तक्रार भिंतींबद्दल नव्हती, अंतराबद्दल होती. स्वस्त घराला अंतराची किंमत पडते, ती जाहिरातीत छापलेली नसते.

याच वांगणीत दृष्टिहीनांची अनेक कुटुंबं राहतात. घरभाडं परवडतं म्हणून ती इथे आली. त्यांतले बरेच जण लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात. १७ एप्रिल २०२१ रोजी इथल्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचं मूल रुळांवर पडलं, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत्या गाडीसमोर जाऊन त्याला वाचवलं. आपण त्या धाडसाचं कौतुक केलं, ते योग्यच. पण घर घेणाऱ्यानं त्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. स्टेशन ते दार हा रस्ता पांढऱ्या काठीनं तपासल्यासारखा तपासावा. पदपथ आहे का, गटारावर झाकणं आहेत का, रूळ कुठून ओलांडायचे, रात्री दिवे लागतात का? म्हातारपणी हाच रस्ता आपल्यालाही चालायचा आहे.

दुसरा वाईट दिवस पाण्याचा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान चामटोलीजवळ पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. सगळे सुखरूप सुटले. पण रूळ तर भरावावर असतात. उल्हास नदीचं पाणी तिथवर येत असेल, तर भरावाच्या खालच्या सखल जमिनीचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तांबडी १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, दोन्हींच्या मध्ये निर्बंध असतात. आपला भूखंड कुठे बसतो, ते लेखी मागावं. शिवाय जुलैत स्वतः जाऊन यावं, आणि मे महिन्यात पाणी कुठून येतं, नळाचं की टँकरचं, हे तिथे भांडी भरणाऱ्या बायांना विचारावं. विक्री कार्यालयात हे उत्तर मिळत नाही.

तिसरा वाईट दिवस कागदांचा, आणि तो सगळ्यात उशिरा उगवतो. सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. त्यातला 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. बोजा, कूळ, वाद यांच्या नोंदी तिथे सापडतात. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगीवाचून ती बिगर आदिवासीला घेता येत नाही. केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नये. नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावं.

भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठहून जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो मोबाइलवर उघडला की घराचा ताबा देण्याची मूळ तारीख, वाढवलेली तारीख आणि न्यायालयातले दावे दिसतात. विक्री करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

आता दराकडे येऊ. समजा, एक जण ६०० चौरस फुटांचं घर ४,००० रुपये दरानं देतो, म्हणजे २४ लाख. दुसरा ४२० फुटांचं ५,५०० नं देतो, म्हणजे २३ लाख १० हजार. पहिला स्वस्त वाटतो. पण पहिल्याच्या ६०० फुटांत जिना, व्हरांडा सगळं धरलेलं असेल आणि प्रत्यक्ष वापराचं क्षेत्र, म्हणजे कार्पेट, ४०० फूट असेल, तर त्याचा खरा दर ६,००० होतो. म्हणून तुलना नेहमी कार्पेटवर करावी.

एका वहीत प्रत्येक संकुलाला एक पान द्या. त्यावर चार ओळी लिहा: शेवटच्या गाडीनं घरी पोचायची वेळ, जुलैतलं पाणी, मे महिन्यातलं पाणी आणि कागद. जागेचा दर त्या पानावर शेवटी लिहा. आयुष्यभराची पुंजी लावून घेतलेलं घर वीस-वीस वर्षं हप्ते फेडत आपलं करायचं असतं. ज्याचा वाईट दिवस आपल्या घरातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि पोरांना सोसवेल, तेच आपलं घर समजावं.