लिफ्ट-ड्रॅगचे आकडे चुकताहेत? मेश बदलण्याआधी हे तपासा

आमच्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० विमानं बांधली गेली, त्यामुळे इथल्या मुलांना विमानांचं वेड नवं नाही. ओपनफोमसारखं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून पंखाभोवतीची हवा अभ्यासणारे मला हमखास विचारतात, "चित्र तर झकास येतंय, मग लिफ्ट-ड्रॅगचे गुणांक का चुकतात?"

माझं म्हणणं, आधी भागाकार बघा. पंखावरच्या बलाला घनता, वेगाचा वर्ग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या निम्म्याने भागलं की गुणांक मिळतो. बल बरोबर असूनही भाजक चुकला, तर उत्तर चुकणारच.

तपासणीसाठी एनएसीए ००१२ हा पंखाचा छेद घ्या. तो वर-खाली सारखा आहे, म्हणून ० अंशाला लिफ्ट शून्यच यायला हवी. रेनॉल्ड्स संख्या ६० लाख असताना १० अंशांना लिफ्ट गुणांक साधारण १.०९ आणि ड्रॅग ०.०१२ येतो.

दोन्ही गुणांक एकाच पटीत चुकले? क्षेत्रफळ बघा. पंखाची रुंदी १ मीटर आणि द्विमितीय मेशची जाडी ०.१ मीटर असेल, तर क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर. तिथे १ टाकलं की दोन्ही आकडे दहापट कमी. वेग मीटर प्रति सेकंदातच हवा. भाजकात चुकून किमी प्रति तास टाकला, तर आकडे सुमारे १३ पट घटतात.

ड्रॅग उणे आला? पंख तसाच ठेवून हवेची दिशा १० अंश फिरवली असेल, तर लिफ्ट-ड्रॅगच्या दिशाही तेवढ्याच फिरवा. नाहीतर लिफ्टचा भाग ड्रॅगमध्ये मिसळतो आणि ०.०१२ च्या जागी चक्क उणे ०.१८ दिसतं. म्हणजे हवाच पंखाला पुढे ओढतेय!

लिफ्ट बरोबर, फक्त ड्रॅग चुकतोय? आता मेशकडे वळा. पंखाला चिकटलेले थर पुरेसे पातळ आहेत का? बाहेरची सीमा खूप जवळ तर नाही? नासाच्या चाचणी-मेशमध्ये ती पंखाच्या रुंदीच्या सुमारे ५०० पट लांब आहे. आणि गुणांकाचा आलेख सपाट होईपर्यंत रन थांबवू नका.

हा छेद जुळला की मगच स्वतःच्या ड्रोनचा पंख तपासा. कारण ड्रॅग कमी धरलात, तर बॅटरी हवेतच संपेल. पहिल्या दोन तपासण्यांना मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो!