भरतकामाची रिंग : घ्यावी हाताच्या मापाची

सुगी आटोपली, ज्वारी-हरभऱ्याची रास घरात आली, की दुपारचे दोन तास हाताशी उरतात. अशा वेळी गावोगावच्या पडवीत, ओट्यावर सुई-दोरा निघतो. कुणी बाळंतविड्यातलं टोपडं भरतं, कुणी उशीचे अभ्रे, कुणी ब्लाऊजच्या बाह्या. पूर्वी हे काम घरापुरतं होतं. लेकीच्या रुखवतात चार रुमाल मांडले की कौतुक व्हायचं. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, पुढे २०११ पासूनचं ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे बचत गट वाडीवस्तीवर पोचले आणि भरतकामाकडे पैशाचं काम म्हणून पाहिलं जाऊ लागलं. तालुक्याच्या दुकानापासून मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनापर्यंत गटांचा माल जातो, ही आनंदाचीच गोष्ट.

पण पैशाचं काम म्हटलं की पारख आली. दुकानदार रुमाल हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, “ताई, टाका झकास आहे, पण कापड गोळा झालंय. हे गिऱ्हाईक घेणार नाही.” बाई हिरमुसते. आपल्याच हातात खोट आहे, असं तिला वाटतं. बरेचदा खोट हातात नसते, रिंगेत असते. दोरा, कापड, नक्षी यांवर आपण चार दुकानं हिंडतो. रिंग मात्र पुढ्यात येईल ती उचलतो किंवा थोरल्या जावेची जुनी, सैल झालेली वापरतो. मजुरी नगावर मिळते आणि परत आलेल्या नगाला मजुरी नाही. एका रुमालाला दोन दुपारी लागतात असं धरा. दहांतले दोन परत आले, तर चार दुपारी फुकट गेल्या; वर दोऱ्या-कापडाचा खर्च वेगळाच.

रिंग नेमकं काय करते?

कापड म्हणजे उभे-आडवे धागे. आपण टाका घालून दोरा ओढतो तेव्हा तो खालच्या धाग्यांनाही थोडं ओढतो. कापड सैल असेल तर ते जागच्या जागी गोळा होतं आणि चुण्या पडतात. भरीव टाक्याच्या पानाफुलांत हे लगेच दिसतं. रिंग कापडाला तंग धरून ठेवते, म्हणजे दोरा किती ओढायचा याचा अंदाज हाताला येतो.

म्हणून प्रत्येक कामाला रिंग लागतेच असंही नाही. गोधडी जमिनीवर पसरून धावदोऱ्याने शिवतात, तिला रिंग कशाला? तांड्यावरच्या बंजारा बायका कवड्या-आरसे लावून जाड कापड भरतात, तेही हातातच धरून. सीमाभागात इरकली लुगड्यावर कर्नाटकी कशिदा काढणाऱ्या जाणत्या बायका कापडाचे धागे मोजत गवंती, मुरगीचे टाके घालतात. कित्येकींना रिंगेची सवय नाही आणि अडतही नाही. पण केंब्रिक, रुबिया, पॉपलिन अशा पातळ-मध्यम कापडावर भरीव टाका, देठ टाका, गाठीचा टाका घालायचा असेल तर रिंग हवीच. साखळी टाका, गहू टाका यांत सुई एकाच फटक्यात आत-बाहेर काढायची सवय असेल, तर रिंग ठेवावी पण ताण जरा कमी करावा. एरवी डफासारख्या तंग कापडात सुई वाकत नाही आणि हात अवघडतो.

माप कोणतं घ्यावं?

बाजारात ४ इंचापासून १२ इंचापर्यंत रिंगा मिळतात. पुष्कळ जणी मोठी घेतात. एकदाच पैसे जातील, सगळ्याला उपयोगी पडेल हा हिशेब. तो इथे उलटा पडतो. रिंग जितकी मोठी तितकं मधलं कापड लवकर सैल पडतं. शिवाय डाव्या हातात ती धरून मनगट भरून येतं.

दुकानातच एक साधी परीक्षा करा. रिंग कडेला धरा आणि खालून बोटं मध्याकडे न्या. मधलं बोट आरामात मध्यापर्यंत पोचलं, तर रिंग तुमच्या हाताची. बहुतेक बायकांच्या हाताला ५ ते ६ इंची, म्हणजे साधारण १२ ते १५ सेंटिमीटरची रिंग बसते. रुमालाचा कोपरा, टोपडं, झबल्याचा गळा यांना ४ किंवा ५ इंची पुरे. उशीच्या अभ्र्यावरच्या मोठ्या गुच्छाला ८ इंची घ्यावी, पण ती टेबलाच्या कडेला किंवा मांडीवर टेकवून वापरावी. त्याहून मोठी रिंग किरकोळ कामाला घेऊच नये.

दुसरी बाजू नक्षीची. नक्षी पूर्ण आत बसून चहूकडे अर्धा ते एक इंच कापड मोकळं राहिलं तर उत्तम. नक्षी मोठी आणि हात लहान असेल, तर लहानच रिंग घ्या आणि ती सरकवत काम करा. मात्र क्रम सांभाळा. सपाट टाके आधी, गाठी, मणी, आरसे सगळ्यात शेवटी. भरलेल्या गाठींवर रिंग दाबून बसली की त्या चपट्या होतात, मग कितीही इस्त्री करा, वर येत नाहीत.

लाकडी की प्लॅस्टिकची?

हातकामाला चांगली लाकडी किंवा बांबूची रिंग बरी. तिची कडा कापडाला धरून ठेवते. प्लॅस्टिकची हलकी आणि धुवायला सोपी, दमट हवेत फुगत नाही. पण गुळगुळीत असल्याने कापड सटकतं. कोकणपट्टीत पावसाळ्यात लाकूड फुगून वाकडं होण्याची भीती असते, तिथे बऱ्या प्रतीची प्लॅस्टिकचीही चालेल. आत लोखंडी स्प्रिंग आणि बाहेर प्लॅस्टिकचं कडं अशी एक रिंग मिळते. ती मुळात मशीनच्या भरतकामासाठी. हातकामात तिचा ताण फार वेळ टिकत नाही.

कटलरीच्या दुकानात रिंग घेताना चार गोष्टी बघा. दोन्ही कडी एकात एक बसवून उजेडाकडे धरा. मध्ये कुठे फट दिसली तर ती रिंग नको. ओढणीचं टोक कडेवरून फिरवा. धागा अडकला तर लाकडाला कूस आहे, तीच उद्या रुबियाला ओढणार. स्क्रू पितळी असेल तर बरं, लोखंडी गंजतो. आणि स्क्रू पूर्ण फिरवून पाहा. आटे झिजलेला स्क्रू ताण धरत नाही. इतकी पारख करून घेतलेली लाकडी रिंग नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकते.

रिंग लावायची कशी?

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळणं. जुन्या मऊ धोतराची बोटभर रुंद पट्टी फाडून तिरकी गुंडाळत जायची आणि शेवट आतल्या बाजूने टाचायचा. एवढ्याने कापड सटकायचं थांबतं आणि कड्याचा वळही कमी उठतो. प्लॅस्टिकच्या रिंगेला तर ही पट्टी हवीच.

मग आतलं कडं खाली, वर कापड, त्यावर बाहेरचं कडं. स्क्रू अर्धवट आवळा आणि कापड उभ्या-आडव्या धाग्याने चारी बाजूंनी हळूहळू ओढा. ओरेप, म्हणजे तिरपं, ओढू नका. तिरपं ताणलेलं कापड रिंगेत छान दिसतं, पण काढल्यावर मूळ जागी जातं आणि फुलाभोवती चुण्या पडतात. टिचकी मारल्यावर ‘टप्’ असा आवाज आला की स्क्रू पक्का करा. उजव्या हाताने भरणारीने स्क्रू वर डावीकडे, घड्याळात दहा वाजतात तिथे ठेवावा. डावरीने दोनच्या जागी. त्यामुळे दोरा स्क्रूत अडकत नाही.

टोपड्याचा तुकडा रिंगेला पुरत नाही, ही नेहमीची तक्रार. त्याला सोपा नियम आहे : आधी भरा, मग कापा. बाहीचा किंवा टोपड्याचा आकार अखंड कापडावर आखून घ्या, भरून झाल्यावर कात्री लावा. तुकडा आधीच कापलेला असेल, तर तो जुन्या सुती कापडावर कच्च्या धावदोऱ्याने चहूकडून टाचा, नक्षीच्या खालचं जुनं कापड जपून कापून टाका आणि मग रिंग लावा.

आरीकामाचं वेगळं

हल्ली ब्लाऊजवरच्या आरीकामाला गावातही मागणी आहे. आकडीच्या सुईने वरून टोचायचं आणि खालच्या हाताने दोरा पुरवायचा, असं हे काम. दोन्ही हात गुंतल्यामुळे रिंग धरायला हात उरत नाही. म्हणून आरीला स्टँडवरची रिंग किंवा चौकोनी लाकडी चौकट लागते. कारागीर मोठ्या चौकटीला ‘अड्डा’ म्हणतात. हातातल्या रिंगेवर आरी शिकायला बसणं म्हणजे सुई मोडून घेणं.

गटाने खरेदी करायची तर सगळ्यांनी सगळं घेण्याचं कारण नाही. प्रत्येकीला तिच्या हाताच्या मापाची एक रिंग, गटात मिळून ८ इंचीच्या दोन आणि आरी करणार असाल तर सामाईक एक स्टँड, एवढ्यावर काम भागतं.

उठताना रिंग काढा

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम थांबवताना रिंग काढून ठेवा. “उद्या परत लावायचीच आहे” म्हणून ती आठ-आठ दिवस तशीच राहते. मग कापडावर गोल वळ बसतो, कडेला धूळ आणि हाताचा घाम साचतो, लोखंडी स्क्रू असेल तर गंजाचा डाग पडतो. पांढऱ्या सुती कापडावरचा डाग लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवल्यावर फिका होतो, पण शेजारी रंगीत दोरा असेल तर तो उपायही धोक्याचा. वळ राहिलाच तर काम धुऊन, टर्किश टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करावी. टाके दबत नाहीत.

भगिनींनो, पुढच्या आठवडी बाजाराला जाल तेव्हा दोऱ्याच्या लड्या निवडण्याआधी रिंगा हातात घेऊन बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. दुपारी तुमच्या आहेत आणि नग परत आला तर नुकसानही तुमचंच आहे.