विश्लेषण : इशारा आला नाही म्हणजे बॅकअप झाला, असे का समजू नये?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवरची माहिती साफ करण्याची आज्ञा दिली. ती चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक ध्यानात येऊन त्याने आज्ञा थांबवली तेव्हा एक-दोन सेकंदच गेले होते. पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच माहिती उरली होती. माणसाच्या हातून असे होते आणि बॅकअप त्यासाठीच असतो. गिटलॅबकडेही रोज आपोआप चालणारा बॅकअप होता. तो ॲमेझॉनच्या ऑनलाइन साठवणुकीत जमा व्हायला हवा होता. अभियंत्यांनी ती जागा उघडून पाहिली, तर तिथे काहीच नव्हते.

बॅकअप का झाला नव्हता?

जगभरातील प्रोग्रामर आपला कोड गिटलॅबवर ठेवतात. या सेवेचा डेटाबेस ‘पोस्टग्रेस’च्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता. बॅकअप घेणारे साधन मात्र ९.२ या आवृत्तीचे वापरले जात होते. जुने साधन नव्या डेटाबेसची प्रत काढायला नकार देते. त्यामुळे स्क्रिप्ट ठरल्या वेळी सुरू होई, चूक नोंदवी आणि थांबे.

हे कोणाला कळले कसे नाही? खरे तर कळवण्याची सोय होती. काम फसले की ईमेल जाई. पण कंपनीने बनावट ईमेल रोखण्यासाठी ‘डीमार्क’ ही पडताळणी सुरू केली होती आणि या आपोआप जाणाऱ्या ईमेलवर त्यासाठी लागणारी सही नव्हती. त्यामुळे ते ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. बॅकअप फसत होता आणि फसल्याची बातमीही वाटेतच अडत होती. इकडे सगळे शांत होते, म्हणून सगळे ठीक आहे असा समज होता.

अखेर एका योगायोगाने कंपनीला वाचवले. दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी डेटाबेसची प्रत हाताने काढून ठेवली होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी करण्यात आली. त्याला सुमारे १८ तास लागले आणि हे काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवले. कोड सुरक्षित राहिला, मात्र अंदाजे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती कायमची गेली.

शेल स्क्रिप्ट आणि क्रॉन म्हणजे काय?

लिनक्स किंवा युनिक्स संगणकाला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहिलेली साधी फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट. ती ठरल्या वेळी चालवणारी व्यवस्था म्हणजे क्रॉन. रोज रात्री दोन वाजता बॅकअप घे, दर रविवारी जुन्या नोंदी पुसून टाक, अशी कामे त्याच्याकडे असतात. १९७० च्या दशकातली ही व्यवस्था आजही असंख्य सर्व्हरवर निमूट काम करते. बँका, रुग्णालये, वृत्तपत्रांची संकेतस्थळे यांच्या पडद्यामागे अशा स्क्रिप्टची रात्रपाळी सुरू असते. बहुतेक वेळा ती कोणीतरी घाईत लिहिलेली असते आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

अपयश लपते कुठे?

प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम फत्ते, १ ते २५५ म्हणजे काहीतरी बिघडले. गंमत अशी, की ‘बॅश’ हे प्रचलित शेल हा आकडा पाहून आपणहून थांबत नाही. तिसरी ओळ फसली तरी ते चौथी ओळ चालवते. शेवटची ओळ यशस्वी झाली, की सगळी स्क्रिप्ट यशस्वी ठरते.

एकीचे उत्तर दुसरीला देत आज्ञा जोडल्या, की गोष्ट आणखी फसवी होते. डेटाबेसची प्रत काढायची आणि ती लगेच आकसून ठेवायची, ही सर्रास वापरली जाणारी जोडी. यात प्रत काढणे फसले तरी आकसणारे साधन हाती आलेले ‘काहीच नाही’ इमानेइतबारे आकसते आणि यश कळवते. सकाळी आजच्या तारखेची फाइल जागेवर असते. तिचा आकार असतो अवघा २० बाइट! ‘पाइपफेल’ हा पर्याय सुरू केला तर जोडीतील कोणतीही आज्ञा फसल्यास पूर्ण जोडी फसली असे धरले जाते. चूक होताच स्क्रिप्ट थांबवणारा पर्यायही आहे, पण काही परिस्थितींत, उदाहरणार्थ अटींच्या आत, तो लागू होत नाही. त्याच्यावर भिस्त ठेवून निश्चिंत झालेले अनेक जण पुढे पस्तावतात.

क्रॉनचेही स्वभावदोष आहेत. हाताने चालवल्यावर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये फसू शकते, कारण आज्ञा कोणत्या फोल्डरमध्ये शोधायच्या याची यादी तिथे तोकडी असते. त्या वेळी संगणक बंद असेल, तर साधा क्रॉन चुकलेले काम नंतर करत नाही. स्क्रिप्ट काही बोलली तर क्रॉन ते ईमेलने पाठवतो, पण सर्व्हरवर ईमेलची सोयच नसेल तर ते बोलणे कोणापर्यंत जात नाही. रोजच्या ईमेलला कंटाळून काही जण स्क्रिप्टचे सगळे बोलणे थेट कचऱ्यात टाकण्याची ओळ जोडतात. मग उरतो तो फक्त शुकशुकाट.

मग देखरेख कशी करायची?

गावाहून निघालेल्या मुलाला आई सांगते, ‘पोहोचलास की फोन कर.’ पोहोचला नाहीस तर फोन कर, असे ती म्हणत नाही. कारण वाटेत काही झालेच तर तो फोन करण्याच्या स्थितीत असेल याची खात्री नसते. ठरल्या वेळेत फोन आला नाही, की ती चौकशी सुरू करते. स्क्रिप्टवर देखरेख ठेवण्याचा भरवशाचा मार्ग नेमका हाच आहे. सर्व काम नीट पार पडल्यावर स्क्रिप्टने बाहेरच्या एका सेवेला छोटासा संदेश पाठवायचा. ठरलेली वेळ आणि वर थोडी सवलत उलटूनही संदेश आला नाही, तर त्या सेवेने माणसाला उठवायचे. हेल्थचेक्स आणि क्रॉनिटर या सेवा असेच काम करतात. ‘प्रोमिथियस’ ही मुक्त देखरेख प्रणाली वापरणारे शेवटच्या यशाची वेळ तिच्याकडे नोंदवतात आणि रोजच्या कामाला २६ तास उलटले की इशारा मिळेल, असा नियम लावतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘शेवटचा बॅकअप’ कधी झाला ते दिसते. नोंद तशीच, फरक इतकाच, की इथे ती पाहायचे काम माणसावर सोडलेले नसते.

ते सोडू नयेच. रोज ‘यशस्वी’ असा ईमेल मागवला, तर आठवडाभरात तो न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ लागतो आणि एखाद्या दिवशी तो आलाच नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा संदेश स्क्रिप्टच्या अगदी शेवटी आणि यशाच्या अटीवरच पाठवावा लागतो. स्क्रिप्ट कशीही संपली तरी जाणारा संदेश निरुपयोगी. संदेश पाठवण्याआधी फाइल आजची आहे का, तिचा आकार कालच्याच्या आसपास आहे का, हे तपासले तर ती २० बाइटची फाइल तिथेच पकडली जाते. संदेश पाठवण्यालाही वेळेची मर्यादा हवी, नाहीतर देखरेखीची सेवा बंद पडली म्हणून स्क्रिप्टच अडकून बसायची. आणि पाहणारी सेवा त्याच सर्व्हरवर ठेवली, तर सर्व्हरबरोबर तीही बंद पडते.

एवढ्याने भागते का?

नाही. जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ दरम्यान सुमारे ७७ टेराबाइट संशोधन माहिती पुसली गेली. फाइलींची संख्या होती तीन कोटी ४० लाखांच्या घरात. फटका १४ संशोधन गटांना बसला आणि त्यातील चार गटांची माहिती परत मिळण्याजोगी नव्हती. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीई कंपनीने बॅकअपची स्क्रिप्ट सुधारली होती. मात्र जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. बॅश पूर्ण फाइल आधी वाचून घेत नाही, लागेल तशी वाचते. त्यामुळे त्याने मधूनच नवा मजकूर उचलला, जिथे फोल्डरचे नाव ठेवणारे चल रिकामे होते. जुन्या नोंदी पुसण्याऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या.

‘पोहोचलो’ असे कळवणारा संदेश इथे उपयोगी पडला नसता. स्क्रिप्ट चालू होती, चुकीचे काम मन लावून करत होती. अशा ठिकाणी रिकामे चल दिसताच थांबवणारा पर्याय लागतो आणि पुसणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टवर आकड्याचा पहारा लागतो : रोज हजार फाइली जात असतील आणि आज लाख जायला निघाल्या, तर आधी थांब, मग विचार.

गिटलॅबने पुढे काय केले?

कंपनीने घटनेचा सविस्तर अहवाल जाहीर केला. बॅकअपवर देखरेख आणि बॅकअपमधून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, याची आपोआप होणारी चाचणी, असे उपाय त्यात होते. बॅकअपची नियमित चाचणी का झाली नाही, याचे उत्तरही त्यात आहे : ते काम कोणाचे, हेच ठरलेले नव्हते. माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर टाकणे, हा त्या यादीतला एक उपाय होता.